ठेकेदार पळाला म्हणून मजुरी पळत नाही

(पांढरकवड्याच्या कार्यकर्ता शिबिरात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बऱ्याच गावांनी मागितलं म्हणून छापत आहोत. बोललो तसंच ठेवलं आहे, थोडं सावरून घ्यावं.)



सकाळपासून आपण जमिनीवर बोललो. सात-बारा, अतिक्रमणाचे पुरावे, १९७८ चा सरकारी निर्णय, सगळं झालं. आता जेवणं झाली, डोळे जड झाले, आणि आमच्या वाट्याला मजुरीचा विषय आला. कोणी म्हणेल, आपली संघटना जमिनीची, इथं मजुरीचं काहून काढता? म्हणून आधी तेच सांगतो.

आपल्या पोडावरची, गुड्यावरची जमीन कशी गेली ते आठवा. कोणी एका रात्रीत बंदूक घेऊन आला आणि वावर घेऊन गेला, असं फार कमी ठिकाणी झालं. बहुतेक ठिकाणी असं झालं की उन्हाळाभर काम केलं, पण चुकारा भेटला नाही. मृग लागला, बियाण्याले पैसा नाही. मग सावकाराकडे गेलो. त्यानं शंभराला दीडशे लिहिले आणि अंगठा घेतला. दोन-तीन सालांनी तोच माणूस बैलजोडी घेऊन आपल्या वावरात उभा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत द्यायचा कायदा सरकारनं केला, त्याच्या केसेस आपण लढतो आहोत. पण त्या फायली उघडून पाहा. खरेदीखताच्या मागं कुठंतरी बुडालेली मजुरी बसलेली दिसते. तिकडे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याला १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी झाली, तीही जमिनीच्या प्रश्नावरून सालदारांच्या मजुरीवर आली. एकच दुखणं आहे, दोन्हीकडून दुखते.

आता कायद्याकडे येऊ. आमचं शिक्षण बारावीपर्यंत. वकील नाही. पण गेल्या दोन-तीन सालात कामगार ऑफिसच्या व्हरांड्यात इतकं बसलो की काही गोष्टी कळल्या. त्या सांगतो.

पहिला सवाल, मालक कोण? हसू नका. मजुरी बुडाली की आपण कोणाला शोधतो? ज्यानं हाक मारून कामावर नेलं त्याला. म्हणजे मेट, मुकादम, ठेकेदार. पैनगंगेकडच्या गावात त्याला गुत्तेदार म्हणतात. तो घरी भेटत नाही. भेटला तर म्हणते, "बिल निघालं नाही, मी तरी कुठून देऊ?" आपण घरी येतो. चार चकरा झाल्या की म्हणतो, जाऊ दे, नशिबात नव्हतं. आणि ज्याच्या रानात खड्डे खोदले, ज्याच्या रस्त्यावर गिट्टी टाकली, ज्याच्या गोदामात बोद भरले, त्याच्या दारात आपण एकदाही जात नाही. कारण आपल्या मनात पक्कं बसलं आहे की आपला मालक ठेकेदार.

कायदा असं म्हणत नाही. १९४८ चा किमान वेतन कायदा २०२५ पर्यंत होता, त्यात मालक म्हणजे कोण ते लिहिलं होतं. जो स्वतः कामावर लावतो तोही मालक आणि जो दुसऱ्याच्या हातून लावतो तोही मालक. 'दुसऱ्याच्या हातून' हे शब्द ध्यानात ठेवा. दुसरा कायदा १९७० चा, कंत्राटी कामगारांचा, तोही २०२५ पर्यंत होता. मुळात जिथं २० किंवा जास्त मजूर असत तिथं तो लागत होता. त्यात साफ लिहिलं होतं की ठेकेदारानं मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर मूळ मालकानं ती द्यायची आणि मग ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायची. सरकारी खातं असलं तरीही. एवढंच नाही, ठेकेदार पगार वाटत असताना मूळ मालकाचा माणूस तिथं हजर पाहिजे होता आणि माझ्यासमोर पैसे दिले अशी त्यानं सही केली पाहिजे होती. आता सांगा, तुमच्यापैकी कोणी चुकाऱ्याच्या दिवशी खात्याचा माणूस सही करताना पाहिला? एकही हात वर नाही. बरं.

दिल्लीला १९८२ साली एशियाडचे खेळ झाले. त्यासाठी मोठाली स्टेडियमं, उड्डाणपूल बांधले. मजूर लांबलांबून आणले होते, ठेकेदारांच्या हातून. तिथं किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. मधले जमादार प्रत्येक मजुरामागे रोज १ रुपया कापून घेत, हातात ८ रुपये २५ पैसे पडत. एका लोकशाही हक्क संघटनेनं सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं, त्या पत्राचीच केस झाली. सरकारनं कोर्टात काय सांगितलं असेल? तेच, जे आपल्याला इथं सांगतात. मजूर ठेकेदाराचे, आमचे नाहीत. कोर्टानं ते मानलं नाही. काम सरकारचं, तर ठेकेदाराकडून कायदा पाळून घेणंही सरकारचं काम. आणि त्याच निकालात दुसरी मोठी गोष्ट म्हटली. किमान मजुरीपेक्षा कमी पैशात कोणाला राबवलं, तर ती राज्यघटनेच्या २३ व्या कलमानं बंद केलेली वेठबिगारी आहे. पोट मारतं म्हणून माणूस कमी पैशात कबूल होतो, ती त्याची खुशी नव्हे, असा त्याचा अर्थ. मजूर तर स्वतःच राजी होता, असं कोणी म्हटलं की हा निकाल सांगा.

आता आपल्याकडचं एक प्रकरण सांगतो. पोडाचं नाव नाही घेत, ठेकेदाराचंही नाही, प्रकरण अजून चालू आहे. एका सरकारी खात्याचं रोपवनाचं काम होतं. ३१ माणसं, त्यात १७ बाया. उन्हाळ्यात खड्डे खोदले, ३ आठवडे. पहिल्या आठवड्याचे पैसे दिले, त्यामुळे विश्वास बसला. नंतरचे दोन आठवडे आज देतो, बाजाराच्या दिवशी देतो. पाऊस पडला, रोपं लागली, ठेकेदार गायब. लोक खात्यात गेले तर उत्तर आलं की आम्ही ठेकेदाराला दिले, आता तुम्ही आणि तो पाहून घ्या. पोलिसात गेले तर तिथं सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. ते काही अगदी खोटं नाही. मजुरी वसूल करून द्यायचं काम ठाण्याचं नाही. मारझोड केली, धमकी दिली, कोंडून ठेवलं, तर ठाणं. मजुरीसाठी कामगार खातं. या चुकीच्या दारात आपल्या लोकांचे महिने जातात.

त्या ३१ जणांकडे एक गोष्ट होती, जी बहुतेकांकडे नसते. पोडावरची एक पोरगी, सातवीपर्यंत शिकलेली, स्वतःही खड्डे खोदत होती. तिनं शाळेच्या जुन्या वहीत रोजची हजेरी मांडली होती. नावापुढे उभी रेघ, आली नाही तर टिंब. बाजाराच्या दिवशी काम बंद, म्हणून तिथं आडवी रेघ. ती वही आम्ही पाहिली तेव्हा अर्धं काम झालं असं वाटलं. तारखा नव्हत्या, पण आठवडी बाजारावरून तारखा काढता आल्या. एका पानावर ठेकेदाराच्या मेटानं खड्ड्यांची मोजणी स्वतःच्या हातानं लिहिली होती. त्याला तेव्हा काय माहीत!

कायद्यानं हजेरीचं आणि मजुरीचं रजिस्टर ठेवायची जबाबदारी मालकाची आहे, मजुराची नाही. पण सुनावणीत मालक खोटं रजिस्टर घेऊन येतो किंवा रजिस्टरच नाही म्हणतो. रजिस्टर नाही म्हटलं तर त्याचीच अडचण होते, आणि समोर आपली वही असली तर तिचं वजन वाढतं. म्हणून आजपासून प्रत्येक टोळीत एक वही पाहिजे. कामाची जागा, खात्याचं नाव, गाडीचा नंबर, मुकादमाचं नाव, कबूल केलेला रोज, भेटलेले पैसे. लिहिता येत नसेल तर रेघा मारा, गाठी मारा, पण मांडा. आणि बायांची नावं वेगळी लिहा. वीटभट्टीवर, खड्ड्यांवर 'जोडी' म्हणून नवऱ्याच्या नावावर हिशेब होतो, बाईचं नाव कुठंच नसतं. किमान मजुरी माणसाला असते, जोडीला नसते. १९७६ पासून सारख्या कामाला बाई-पुरुषांना सारखी मजुरी देण्याचा कायदाही आहे. कापूस वेचणीत किलोवर हिशेब होतो म्हणून तिथं तरी बाईची मजुरी बाईच्या हातात पडते. बाकी कामात ती वहीतून आधीच गायब असते.

आता अर्ज. इथं नीट ऐका, कारण इथंच बरीच प्रकरणं मरतात.

एक कागद असतो तक्रारीचा. तो यवतमाळला सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे द्यायचा. निरीक्षक कामावर येऊन पाहू शकतो, रजिस्टर मागू शकतो, मालकाला बोलावू शकतो. पुष्कळदा एवढ्यानंच ठेकेदार खिशात हात घालतो. पण तक्रार म्हणजे दावा नाही. दावा वेगळा. तो २०२५ पर्यंत किमान वेतन कायद्याच्या कलम २० खाली, सरकारनं नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढं करावा लागत होता. त्याला मुदत होती ६ महिन्यांची. मजुरी ज्या दिवशी द्यायला पाहिजे होती त्या दिवसापासून ६ महिने. तक्रार दिली, साहेब चौकशी करून राहिले, म्हणून आपण घरी बसलो, आणि तिकडे ६ महिने भरले. मग मालकाचा वकील म्हणते, मुदत गेली. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर प्राधिकारी उशिराचा अर्ज घेऊ शकतो, ते कायद्यात आहे. पण ते त्याच्या मनावर. आपण कशाला त्याच्या मनावर सोडायचं?

आणि हे ६ महिने केव्हा भरत होते ते पाहा. मजुरी बुडते ती कामं जास्त करून उन्हाळ्यातली. रोपवन, रस्ता, तेंदूपत्ता, वीटभट्टी. मे महिन्यात बुडालेल्या मजुरीची मुदत नोव्हेंबरात संपत होती. नोव्हेंबरात आपण कुठं असतो? कापसात. घरातलं लहान पोरसुद्धा वेचणीला असते. यवतमाळला जायला कोणाला सवड? ठेकेदाराला हे बरोबर माहीत असते. दिवाळी झाली की देतो, असं तो उगाच म्हणत नाही. म्हणून आमचं म्हणणं, मजुरीचा अर्ज पोळ्याच्या आत गेला पाहिजे. पोळ्याला बैल सजवायचे तर आधी हा कागद.

वेगवेगळा अर्ज करायची गरज नाही. एकाच कामावरचे कितीही मजूर मिळून एक अर्ज करू शकतात. २०२५ पर्यंतच्या कायद्यात मजूर स्वतः करू शकत होता, वकील करू शकत होता, नोंदलेल्या युनियनचा पदाधिकारी लेखी अधिकारपत्र घेऊन करू शकत होता, निरीक्षक स्वतः करू शकत होता. युनियन म्हटलं की कारखाना डोळ्यापुढं येतो, पण १९२६ च्या कायद्यानं ७ मजूर मिळून युनियनची नोंदणी मागू शकत होते. याचा विचार आपण पुढच्या बैठकीत करू, कारण उमरखेडच्या माणसानं प्रत्येक तारखेला यवतमाळला यायचं म्हणजे एसटीचं भाडं गेलं आणि दिवसाची रोजीही गेली. बुडालेली मजुरी मागायला गेलो आणि आणखी मजुरी बुडवून आलो, असं होते.

तक्रारीचा मजकूर अवघड नसतो. आम्ही असा लिहितो:

"आम्ही खाली सह्या-अंगठे केलेले मजूर, मु. पो. अमुक, अर्ज करतो की, अमुक ठेकेदाराने अमुक खात्याच्या अमुक कामावर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्हाला लावले. रोज इतका कबूल केला होता. त्यापैकी इतके दिले, इतके दिले नाहीत. हजेरीची वही आमच्याजवळ आहे, दाखवू. काम खात्याचे असल्याने खात्यालाही जबाबदार धरावे. सरकारने ठरवलेल्या किमान दराने हिशेब करून फरक व नुकसानभरपाई मिळावी."

दोन प्रती करायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. शिक्का देत नसतील तर भांडू नका, सरळ पोस्टात जा आणि पोचपावतीनं पाठवा. पोस्टाची पावती वहीत चिकटवा. आणि 'किमान दराने' हे शब्द सोडू नका. ठेकेदारानं कमी रोज कबूल केला आणि आपण हो म्हटलं, तरी किमान दराच्या खालचा करार कायद्यात चालत नाही. १९४८ च्या कायद्यात ते कलम २५ होतं. दर दरवेळी बदलतात, तालुक्याप्रमाणे परिमंडळं असतात, म्हणून अर्ज लिहायच्या आधी चालू दर कामगार ऑफिसातून लिहून आणायचा. किमान दरापेक्षा कमी दिलं हे सिद्ध झालं तर फरक तर भेटतेच, वर फरकाच्या १० पटीपर्यंत नुकसानभरपाई द्यायचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. १० पट कोणी देत नाही हे आम्ही पाहतो. पण मागायची १० पटच. आदेश झाल्यावरही मालकानं दिलं नाही तर मॅजिस्ट्रेटकडून दंडासारखी वसुली होत होती.

जिनिंग-प्रेसिंगसारख्या कारखान्यात काम असेल तर २०२५ पर्यंत १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता, त्यात १२ महिन्यांची मुदत होती. तिथं मजुरी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावी लागत होती (हजारावर कामगार असले तर १० तारीख), आणि कामावरून काढलं तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत हिशेब चुकता करावा लागत होता. वणीकडे कोळसा खाणीत ठेकेदाराकडे जे आहेत त्यांचं खातं राज्याचं नाही, केंद्राचं. त्यांनी अर्ज केंद्राच्या कामगार अधिकाऱ्याकडे करावा, नाहीतर फाइल इकडून तिकडे फिरते. जे पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निजामाबादकडे टोळीनं जातात, त्यांच्यासाठी २०२५ पर्यंत १९७९ चा कायदा होता. ५ किंवा जास्त माणसं ठेकेदारानं दुसऱ्या राज्यात नेली तर त्याला परवाना लागत होता, पासबुक द्यावं लागत होतं, जायचं-यायचं भाडं आणि वर विस्थापन भत्ता द्यावा लागत होता. पासबुक आजपर्यंत आम्ही कोणाच्या हातात पाहिलं नाही. 

रोजगार हमीचं वेगळं सांगतो. तिथं ठेकेदारच नको. हमीच्या कामावर ठेकेदार दिसला तर ती पहिली तक्रार, मजुरीची दुसरी. काम मागितल्यापासून १५ दिवसांत द्यावं लागते, नाही दिलं तर बेकार भत्ता. मागणीचा अर्ज लेखी आणि पोच घेऊनच. हमीत मजुरी मापावर निघते, आणि घोळ तिथंच होतो. मुरूम कडक, माप कमी, हातात पडते अर्धी रोजी. मग म्हणतात, तुम्ही कामच केलं नाही. राजस्थानात दुष्काळी कामावर असंच झालं होतं. सुप्रीम कोर्टानं १९८३ साली सांगितलं की दुष्काळी काम म्हणजे सरकारचा उपकार नाही, तिथंही किमान मजुरीच्या खाली देता येत नाही. माप घेताना दोन मजूर हजर राहा, आणि जमीन कडक, मऊ की खडक ते मस्टरवर लिहायला लावा. आदल्या दिवशी मापलं की दुसऱ्या दिवशी खड्डा बुजतो, मग भांडण कशाचं करणार?

आता सालगड्यांचं. हा विषय आपल्या घराघरातला आहे आणि यावर बोलायला लोक लाजतात.

गुढीपाडव्याला साल ठरते. थोडी उचल, थोडी ज्वारी, वर्षाची रक्कम तोंडी. सहा महिन्यांनी पोर आजारी पडते, अजून उचल. कधी बैल पायाला लागला, त्याचे पैसे कापले. चार दिवस लग्नाला गेला, खाडा. साल संपते तेव्हा मालक वही उघडते आणि म्हणते, "तुयाकडंच निघते बाप्पा." मग पुढचं साल त्याच्याकडेच. बाप गेला की पोरगा. आपण याला साल म्हणतो. कायदा याला काय म्हणते? १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. उचलीच्या बदल्यात माणूस बांधला गेला, दुसरीकडे कामाला जायची त्याला मोकळीक नाही, किंवा उचल फिटेपर्यंत नाममात्र मजुरीत राबतो, तर ती वेठबिगारी. आणि तसं ठरलं की ती उचल फेडायची जबाबदारीच संपते. कर्ज रद्द. हे कर्ज वेठबिगारीचं नाही असं दाखवायचं ओझं मालकावर, आपल्यावर नाही. १९८३ साली फरीदाबादकडच्या खाणमजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट इथपर्यंत बोललं की माणूस जबरीनं राबतो हे दिसलं तर तो उचलीपायीच राबतो असं धरून चालायचं.

यासाठी कामगार अधिकाऱ्याकडे नाही, जिल्हाधिकाऱ्याकडे जायचं. जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समित्या असल्या पाहिजेत. आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात आदिवासीकडून वेठ घेणं हा गुन्हा आहे, ते पोलिसांनी नोंदवायचं.

हे सगळं आम्ही सांगतो, पण कोणाला उद्याच साल सोडून ये असं म्हणत नाही. सोडल्यावर चूल कशी पेटणार ते आपल्याला माहीत आहे. म्हणून आधी एवढं करा. प्रत्येक सालगड्यानं स्वतःची वही ठेवावी. किती ज्वारी आली, किती उचल घेतली, कोणत्या दिवशी. मालकाच्या वहीत जे आहे ते एकटंच खरं, असं राहू नये. शेती किमान वेतन कायद्यात येत होती. वर्षाच्या शेवटी किमान दरानं हिशेब मांडला की कोणाकडे कोणाचं निघते ते दोघांनाही दिसेल.

कोऱ्या कागदावर अंगठा नको. मस्टरवर अंगठा देताना रक्कम लिहिली आहे का ते पोराला वाचायला लावा. कमी रक्कम असेल आणि घ्यावीच लागली, तर घ्या. पण नावासमोर 'बाकी आहे' असं लिहून घ्या. गावच्या पंचांसमोर समझोता झाला तरी हरकत नाही, पंच आपलेच आहेत. फक्त तो कागदावर पाहिजे आणि तारीख पाहिजे. तोंडी समझोत्यानं महिने निघून जातात.

त्या ३१ जणांचं काय झालं, ते राहिलं. पोळ्याच्या आधी दावा गेला, त्यात खात्यालाही ओढलं. खात्याला नोटीस गेली तसं त्यांनी ठेकेदाराचं पुढचं बिल अडवलं. तोपर्यंत जो माणूस भेटत नव्हता तो आपल्या पायानं पोडावर आला. रात्री आला, आणि सगळ्यांकडे नाही, दोघांकडेच. अर्धे घ्या, सही करा, बाकीच्यांना सांगू नका. एकाच्या घरी बाळंतीण होती, त्यानं घेतले. त्याला कोणी दोष देऊ नये असं पोडानं बसून ठरवलं, आणि आम्हाला ते पटलं. त्याच आठवड्यात गावात कोणीतरी उठवलं की मजुरी मागाल तर अतिक्रमणाची जमीन कधीच नावावर होणार नाही, यादीतून नावं कापतील. हे ऐकून सहा जण मागं सरले. खोटं आहे ते. मजुरीच्या दाव्याचा आणि अतिक्रमणाच्या पुराव्याचा कायद्यात काहीही संबंध नाही. पण जमिनीची भीती दाखवली की आपला माणूस मजुरी सोडतो, हे त्यांना ठाऊक आहे. आम्ही घरोघर गेलो. चौघं परतले. पहिल्या सुनावणीच्या दिवशी, आत जायच्या आधीच, ठेकेदारानं ऑफिसच्या व्हरांड्यात मूळ मजुरी मोजून दिली. ती पोरगी वही घेऊन बसली होती, एकेक नाव पाहून टिकली मारत होती. नुकसानभरपाईचा आणि किमान दराच्या फरकाचा दावा आम्ही मागं घेतला नाही. तारीख पडली आहे.

आता काम. ज्या गावांत या उन्हाळ्याची मजुरी बाकी आहे, त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी पांढरकवड्याला संघटनेच्या खोलीत यावं. वही, मस्टरचा तुकडा, ठेकेदाराची चिठ्ठी, जे असेल ते आणावं, काही नसेल तर सोबत काम केलेली दोन माणसं आणावी. घाटंजी आणि मारेगावच्या साथींनी आपापल्या टोळ्यांची यादी बनवून आणावी, बायांची नावं वेगळी. ज्यांच्या कामाला चार महिने होऊन गेले त्यांचा नंबर आधी लागेल. अर्ज तिथंच लिहू, कार्बन घालून दोन प्रती. अंगठ्याची शाई आमच्याकडे आहे.